शेनंडोआच्या ओढ्यांसाठी हलका फ्लाय रॉड: २ वेट, ३ वेट की ४? आणि लांबी किती?

ओढाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. उत्तर व्हर्जिनियात असतो. शेनंडोआ नॅशनल पार्कच्या पूर्व उतारावरच्या ओढ्यांवर (रॅपिडान, रोझ, ह्यूज, कॉनवे) ब्रुक ट्राउटसाठी वेगळा हलका रॉड घ्यायचा आहे. सध्या ९ फुटी, ५ वेटचा (वेट म्हणजे रॉडला चालणाऱ्या लाइनच्या वजनाचा नंबर) फास्ट, म्हणजे टोकाशीच वाकणारा ग्रॅफाइट रॉड आहे. मोठ्या नदीवर तो उत्तम चालतो, पण इथे दोन ठिकाणी अडतं. एक म्हणजे मागे आणि डोक्यावर लॉरेलची झुडपं. दुसरं म्हणजे १५-२० फुटांवर फ्लाय (हुकवर बांधलेला नकली किडा) टाकायची तर रॉड वाकतच नाही आणि लीडर (लाइनच्या पुढचा निमुळता बारीक दोरा) गोळा होऊन पडतो.

मासे ६ ते ९ इंचांचे. फ्लाय बहुतेक ड्राय (पाण्यावर तरंगणारी), १२ ते १६ नंबर (नंबर मोठा तितका हुक लहान), कधीमधी खाली छोटी बीडवाली निंफ (मणी लावलेली, बुडणारी फ्लाय). रॉड, लाइन, रीळ मिळून ३०० डॉलरच्या आत बसवायचंय.

प्रश्न असे: वेट कितीचा घ्यावा? लांबी किती? ग्लास की ग्रॅफाइट? आणि आहे त्याच रॉडवर एक नंबर जड लाइन चढवून भागेल का? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

---

चिवट_वेत

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातच आहेत.

रॉडवर लिहिलेला नंबर हा लाइनच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावर ठरतो. ३ वेट म्हणजे ३० फुटांना १०० ग्रेन, म्हणजे साधारण ६.५ ग्रॅम. २ वेटला ८०, ४ वेटला १२०, ५ वेटला १४० ग्रेन. दर नंबरामागे २० ग्रेनचा फरक.

आता तुमचा मासा २० फुटांवर आहे असं धरा. लाइन सुटते तेव्हा हात आणि रॉड मिळून पाच-सहा फूट पुढे आलेले असतात. लीडर साडेसात फुटांचा. उरले सहा-सात फूट. म्हणजे टोकाबाहेर खरी लाइन एवढीच! ३ वेटची सात फूट लाइन म्हणजे सरासरीने २३ ग्रेन, दीड ग्रॅम. तेही कागदावर, कारण लाइनचं पुढचं टोक निमुळतं असतं, प्रत्यक्षात वजन त्याहून कमी भरतं. ३० फुटांच्या हिशोबाने बनवलेला फास्ट रॉड दीड ग्रॅमने काय वाकणार?

याच हिशोबाने एक नंबर जड लाइन चढवली तर सात फुटांत फरक पडतो जेमतेम ५ ग्रेनचा, म्हणजे ०.३ ग्रॅम. दोन नंबर चढवली तरी ०.६ ग्रॅम. म्हणून तुमच्या ५ वेटवर ६ ची लाइन टाकून हा प्रश्न सुटायचा नाही. जड लाइनचा फायदा २५-३० फुटांवर कळतो, आणि या ओढ्यांवर तेवढी फेक क्वचित लागते.

तेव्हा छापील नंबरापेक्षा रॉड कुठून वाकतो ते बघा. टोकाच्या एक तृतीयांशात वाकणारा नको, मधल्या भागापर्यंत वाकणारा हवा. दुकानात मोकळा रॉड हलवून हे कळत नाही. लाइन ओवून, लीडर बांधून, टोकाबाहेर फक्त सात-आठ फूट लाइन काढा आणि नुसत्या मनगटाने टाकून बघा. लीडर सरळ उलगडला तर रॉड कामाचा. जोर लावावा लागला तर ठेवून द्या, किंमत कितीही असो.

माझं मत: ३ वेट, ७ फूट, फायबरग्लास. एकोचा रिव्हर ग्लास (६ फूट ९ इंच, ३ वेट) किंवा रेडिंग्टनचा बटर स्टिक (७ फूट, ३ वेट). ग्लास ग्रॅफाइटपेक्षा थोडा जड असतो, पण ७ फुटांच्या रॉडमध्ये १५-२० ग्रॅमच्या फरकाला कुणी दमत नाही.

१ वेट, ० वेट असले प्रकार हौसेचे. घेऊ नका असं नाही, पण पहिला ओढ्याचा रॉड म्हणून नको. १२ नंबरची केसाळ ड्राय हवेत जो विरोध करते त्यापुढे तेवढ्या हलक्या लाइनचं काही चालत नाही, लीडर शेवटच्या दोन फुटांत मान टाकतो.

---

लॉरेलखाली

वेटबद्दल वरच्या प्रतिसादाशी सहमत. लांबीबद्दल अजिबात नाही.

"लहान ओढा म्हणजे लहान रॉड" हे समीकरण दुकानदारांनी रूढ केलंय. ओढ्याची रुंदी सोडा, पाण्यापासून फांद्यांपर्यंत किती मोकळी जागा आहे ते बघा. रॅपिडान कॅम्पपाशी मिल प्राँग आणि लॉरेल प्राँग हे दोन ओढे मिळतात आणि तिथून रॅपिडान सुरू होते. (हा कॅम्प अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांचा. निवडून आल्यावर जागा शोधताना त्यांच्या अटींत ट्राउटचा ओढा होताच, शिवाय वॉशिंग्टनपासून १०० मैलांच्या आत आणि २५०० फुटांच्या वर. माणूस दर्दी.) त्या दोन प्राँगांवर खरोखर बोगद्यासारखी अवस्था आहे, तिथे साडेसहा-सात फूट ठीक. पण संगमाखाली मैलभर उतरलात की वर आकाश दिसायला लागतं. तिथे आखूड रॉड अडचणीचा होतो.

कसा ते सांगतो. हे ओढे म्हणजे पायऱ्या. डोह, मग खडकांचा उंबरठा, त्यावरून पाणी खालच्या डोहात. आपण खालच्या डोहाच्या कडेला गुडघ्यावर बसून वरच्या डोहात फ्लाय टाकतो. मधे तो उंबरठा येतो आणि तिथे पाणी सगळ्यात वेगवान असतं. लाइनचा एक फूट जरी त्यावर टेकला तरी फ्लाय लगेच ओढली जाते, पाण्यावर रेघ उमटते आणि मासा दगडाखाली. लाइन तिथे टेकूच द्यायची नाही, हात वर करून सगळी लाइन हवेत ठेवायची. गुडघ्यावर बसलेल्या माणसाला ६ फूट ९ इंचांच्या रॉडने हे १२ फुटांपलीकडे जमत नाही. ८ फुटांनी जमतं.

दुसरा मुद्दा धनुष्यबाण फेकीचा, म्हणजे बो-अँड-अॅरो कास्ट. झुडपांत निम्म्या वेळा हीच करावी लागते. टोकाबाहेर साधारण रॉडच्या लांबीएवढा लीडर-लाइन सोडायची, फ्लाय चिमटीत धरून मागे ओढायची, रॉड वाकवायचा, सोडायचा. फ्लाय हातापासून रॉडच्या दुप्पट अंतरावर जाते. म्हणजे ७ फुटी रॉडने १४ फूट, ८ फुटीने १६. एक फूट रॉड वाढला की दोन फूट पल्ला वाढतो.

माझी शिफारस: ७ फूट ६ इंच ते ८ फूट, ३ वेट, मध्यम गतीचा ग्रॅफाइट. रेडिंग्टनच्या क्लासिक ट्राउटमध्ये ७ फूट ६ इंच, ३ वेट आहे. ग्लासमध्ये एवढी लांबी घेतली की टोक जड लागतं आणि फेकीनंतर थरथरत राहतं. त्या थरथरीने लाइनमध्ये लाटा येतात आणि फ्लाय दोन इंच इकडेतिकडे पडते. ओढ्यात दोन इंच पुष्कळ.

---

चिवट_वेत

@लॉरेलखाली, उंबरठ्याचा मुद्दा बिनतोड आहे. पण उलट बाजूही बघा. लांब रॉड घेऊन झुडपांतून चालताना टोक अडकतं, वळताना अडकतं, आणि हुक लावण्यासाठी रॉड वर झटकला की टोक सरळ फांदीत. खालच्या पट्ट्यात ८ फूट, वरच्या प्राँगांवर ७. एकच रॉड घ्यायचा असेल तर साडेसातवर तह करू.

धनुष्यबाण फेकीत आणखी एक गोष्ट. तिथे टोकाबाहेर लाइन जवळपास नसतेच, नुसता लीडर. सगळा जोर रॉडच्या वाकण्यातून येतो, लाइनचा नंबर तिथे बिनकामाचा. म्हणून पुन्हा तेच: मऊ रॉड.

आणि नवख्यांसाठी: फ्लाय हुकच्या वाकाला धरायची, टोक बोटांपासून बाहेर. लाइन रॉडच्या हातातल्या तर्जनीखाली घट्ट दाबलेली. सोडताना फक्त चिमूट उघडायची, रॉडचा हात हलवायचा नाही. हात हलला की टोक खाली जातं आणि फ्लाय समोरच्या दगडावर आपटते. लाइन दाबलेली नसली तर रॉडचा ताण लाइन सरकण्यात वाया जातो, फ्लाय पायाशी पडते. हुक चुकीचा धरला तर काय होतं ते सांगायला नको. बार्ब (हुकचा उलटा काटा) आधीच चिमट्याने दाबून ठेवा, म्हणजे निघतो तरी.

---

ओढाकाठ

वा, भरपूर मिळालं. धन्यवाद. साडेसात फुटांकडे कल झुकतोय. दोन उपप्रश्न:

१. ड्रायखाली १६ नंबरची बीड निंफ लावली तर २ वेट आणि ३ वेट यात खरंच फरक पडेल का?
२. दुकान दोन तास लांब आहे, जुना रॉड ऑनलाइन घ्यायचा विचार आहे. दोन रॉडांपैकी मऊ कुठला हे घरी बसून कसं ठरवायचं? विकणारे सगळ्यांनाच "मीडियम" म्हणतात.

---

मोजूनमापून

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. कॉमन सेंट्स नावाची पद्धत आहे, विल्यम हॅनमन यांनी काढलेली. मूळ पद्धतीत वजन म्हणून अमेरिकन सेंटची नाणी मोजतात (१९८२ नंतरचं नाणं २.५ ग्रॅमचं). आपल्याला नाण्यांची गरज नाही, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि तांदूळ पुरे.

रॉड जोडून मूठ टेबलाच्या कडेला अशी बांधा की रॉडचा बुंधा अगदी आडवा राहील. स्पिरिट लेव्हल असेल तर उत्तम, नाहीतर फोनमधली. टोक मोकळं असताना जमिनीपासून किती उंचीवर आहे ते भिंतीवर पेन्सिलीने खुणवा. रॉडच्या लांबीचा तिसरा हिस्सा काढा: ७ फुटी रॉडला २८ इंच, साडेसात फुटीला ३०. तेवढं खाली दुसरी खूण करा. टोकाच्या कडीत वाकवलेल्या पेपरक्लिपने हलकी प्लास्टिकची पिशवी अडकवा आणि टोक दुसऱ्या खुणेवर येईपर्यंत चमच्याचमच्याने तांदूळ घाला. मग पिशवी, क्लिप, तांदूळ एकत्र वजन करा.

सारख्या लांबीच्या दोन रॉडांत ज्याला कमी वजन लागलं तो मऊ. एवढ्यावर थांबू नका. त्याच अवस्थेत टोक आडव्या रेषेशी किती अंशाचा कोन करतं तेही मोजा, शाळेतला कोनमापक चालेल. ६६ अंशांच्या वर गेला तर रॉड फास्ट, म्हणजे फक्त टोकाशी वाकतोय. ५९ च्या खाली स्लो. ओढ्यासाठी साठीच्या आसपास किंवा त्याखाली बघा.

ही दोन मापं वेगवेगळी का घ्यायची, तर हलक्या लाइनचा रॉडसुद्धा फास्ट असू शकतो. कमी तांदळात वाकतो पण फक्त टोकच वाकतं. असा ३ वेट ओढ्यावर ५ वेटइतकाच ताठ लागतो. ऑनलाइन घेताना विकणाऱ्याला हा कोनाचा फोटो मागा. दर्दी विकणारा देतो. न देणाऱ्याकडून परत करायची सोय असेल तरच घ्या.

जुना रॉड हातात आला की जोड तपासा. भाग जोडून हलकेच पीळ द्या, टिक टिक आवाज आला किंवा खेळ जाणवला तर जोड झिजलाय. थोडा झिजला असेल तर नर भागावर साध्या मेणबत्तीचं मेण घासून भागतं. जोडाच्या तोंडाशी लांबट चीर दिसली तर मात्र घेऊ नका. ग्लासवर पांढरट आडवी रेघ दिसली तीही वाईट खूण.

---

लॉरेलखाली

@ओढाकाठ, पहिल्याचं उत्तर: फरक पडतो. ड्राय, मग १५-१६ इंच टिपेट (लीडरच्या टोकाचा सगळ्यात बारीक दोरा), मग बीड निंफ, अशी दोन वजनं हवेत एकमेकांभोवती फिरतात. २ वेटचा लीडर-लाइनचा जोड त्यांना ओढून सरळ करू शकत नाही, गुंता होतो. ३ वेट नेटाने करते, ४ वेट सहज. निंफ नेहमीच लावणार असाल तर ४ वेट घ्या, लाज वाटून घेऊ नका. या ओढ्यांवर ड्रायमध्ये वसंतात क्विल गॉर्डन, मेमध्ये यलो सॅली आणि उन्हाळ्यात मुंग्या-भुंगेरे इतकं छान चालतं की निंफशिवाय बहुतेक भागतं. फ्लाय बांधणारे हॅरी मरे यांची मिस्टर रॅपिडान ही ड्राय तर नावासकट इथलीच, १४ नंबर.

बीडबद्दल सावधगिरी: जड निंफ वेगात रॉडच्या टोकाला आपटली की ग्रॅफाइटला दिसेल न दिसेल एवढी खोच पडते. त्या दिवशी काही होत नाही. मग महिन्याने एखाद्या साध्या फेकीत टोक तुटतं आणि लोक कंपनीला नावं ठेवतात. निंफ असेल तेव्हा फेक जरा रुंद, गोल घ्या, किंवा नुसता रोल कास्ट (लाइन मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे लोटायची).

---

गाठीमारू

रॉडवर सगळे बोलले, लीडरवर कुणी नाही. अर्धा त्रास तिथेच असतो.

बाजारातला ९ फुटी लीडर ७ फुटी रॉडवर लावलात तर मासा जवळ आणताना लाइन आणि लीडर जोडणारं लूप टोकाच्या कडीतून आत येतं. बारीक रॉडची कडी बारीक, लूप तिथे अडकतं. वर मासा ऐन जवळ आल्यावर उसळी मारतो आणि टिपेट तुटतो. फेकतानाही तेच, जवळची फेक असली की लूप कड्यांत खडखडतं. म्हणून लीडर रॉडपेक्षा फार लांब नको. लूपऐवजी नेल नॉट मारून वर यूव्ही गोंदाचा थेंब लावला तर जोड सुळकन जातो.

साडेसात फुटी लीडर घरी बांधायचा तर हे माप घ्या, सगळं इंचांत: ०.०१७ जाडीचा २२, ०.०१५ चा १६, ०.०१३ चा १२, ०.०११ चा ८, ०.००९ चा ८, आणि शेवटी ५एक्स टिपेट २४. बेरीज ९०. वरचे सगळे जोड ब्लड नॉटने, टिपेटचा सर्जन्स नॉटने, कारण तिथे जाडीत जास्त फरक आहे. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, नाहीतर नायलॉन गरम होऊन कमजोर पडतं.

एक्सचा हिशोब सोपा: ११ मधून एक्स वजा केला की जाडी इंचाच्या हजारांशात. ५एक्स म्हणजे ०.००६. कुठला घ्यायचा? फ्लायच्या नंबराला ३ ने भागा. १२ नंबरला ४एक्स, १६ ला ५एक्स. ६एक्स कशाला कुणी वापरतं देव जाणे. ब्रुक ट्राउट इथे लीडरला घाबरत नाही, तुमच्या सावलीला घाबरतो.

लाइन डबल टेपर (दोन्ही टोकांना सारखी निमुळती) घ्या. रोल कास्टला बरी, आणि एक टोक झिजलं की उलटवून दुसरं वापरता येतं. एवढ्या कमी लांबीत रॉड वाकत नसेल तर पुढच्या निमुळत्या टोकातला एक फूट कापून टाका. जाड भाग लवकर टोकाबाहेर येतो. पण बेताने कापा, दोन फुटांपुढे गेलात तर लाइन पाण्यावर धपकन पडायला लागते.

---

मुळशीचा_गळ

पुण्याहून. धागा वाचनखूण करून ठेवलाय. ऑक्टोबरात हिमाचलात तीर्थन खोऱ्यात जातोय. हाच साडेसात फुटी ३ वेट तिथे चालेल का?

---

लॉरेलखाली

तीर्थनच्या मुख्य नदीवर नाही. ती ओढा नव्हे, चांगली रुंद, जोरदार नदी आहे. मासेही वेगळे, ब्राउन आणि रेनबो. तिथे साडेआठ फूट, ४ किंवा ५ वेट न्या, निंफ खोल न्यावी लागते. बाजूच्या नाल्यांवर तुमचा ३ वेट चालेल. परवाना मत्स्य विभागाकडून आधी काढा, आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी असते, तेव्हा ऑक्टोबरातून बाहेर सरकू नका. रॉड चार भागांचा घ्या, साडेआठ फुटीही तीसेक इंचांच्या नळीत बसतो. विमानात ती नळी आणि फ्लायचे डबे चेक-इन सामानातच टाका, सुरक्षा तपासणीत वाद नको.

---

चिवट_वेत

@ओढाकाठ, पैशांचं: निम्म्याहून जास्त रॉडवर, मग लाइनवर, रीळ सगळ्यात शेवटी. ९ इंची मासा रीळवरून लाइन काढत नाही, साधा क्लिक-पॉल (खटक्याची रीळ) पुरतो. फक्त मूठ घेताना रीळ कशी बसते ते बघा. हलक्या रॉडवर शोभेसाठी नुसत्या दोन सरकत्या कड्या असतात, झुडपांतून रांगताना त्या सैल होतात आणि रीळ पाण्यात. आट्यांची कडी असलेली सीट घ्या.

फ्लाय फांदीत अडकली की रॉड वाकवून झटके देऊ नका. रॉड सरळ फांदीकडे रोखा, रीळ हाताने धरा आणि मागे सरका. तुटला तर टिपेट तुटू दे.

परवाना व्हर्जिनियाचा फ्रेशवॉटर. रॅपिडान आणि स्टॉन्टन या दोन्ही ओढ्यांवर मासा सोडूनच द्यावा लागतो, एका टोकाचा हुक असलेलं कृत्रिम आमिषच चालतं. जुलै-ऑगस्टात खिशात थर्मामीटर ठेवा. पाणी ६५ फॅरनहाइटच्या वर गेलं की रॉड आवरा, त्या पाण्यात सोडलेला ब्रुक ट्राउट पोहत गेला तरी जगेलच असं नाही.

---

ओढाकाठ

ठरलं. साडेसात फूट, ३ वेट, जुना. दोन विकणाऱ्यांना कोनाचा फोटो मागितलाय. एकाने विचारलं, "तांदूळ कशाला?"

---

मोजूनमापून

ज्याने विचारलं त्याच्याकडूनच घ्या. निदान मेसेज तरी वाचतोय. फोटो आला की इथे टाका. टेबल आडवं नसलं तर कोन चार-पाच अंशांनी फसवतो, ते बघून सांगतो.